तीन मिनिटांचं भाषांतर

हर्षाली गावंडेला संसदेत चेहऱ्याने फारसं कुणी ओळखत नसे. तिला ओळखत ते कानांनी. एखादा मराठी खासदार बोलायला उभा राहिला की बाकीचे सदस्य कानाला यंत्र लावत, आणि त्यातून तिचा इंग्रजी आवाज येई. शांत, नितळ, कुठेही न अडखळणारा. सभागृहाच्या वरच्या अंगाला काचेची एक खोली होती, जेमतेम दोन खुर्च्या मावतील एवढी. तिथे ती आणि तिचे वरिष्ठ श्रीधर वझे आळीपाळीने भाषांतर करत. तिच्या इंग्रजीवरून पुढे हिंदी आणि इतर भाषांत भाषांतरं होत. म्हणजे मराठीत बोललेलं देशाला ऐकू जायचं ते आधी तिच्या तोंडून.

तोवर यंत्रं भाषांतर करत नव्हती असं नाही. चांगली करत होती. पण अधिकृत नोंदीसाठी माणसाचंच भाषांतर धरायचं, असा नियम होता. यंत्र चुकलं तर जाब कुणाला विचारायचा, हे कुणालाच ठरवता आलं नव्हतं. माणूस चुकला तर त्याला जाब विचारता येतो, एवढ्या एका गोष्टीवर हर्षालीची नोकरी टिकून होती.

तिची मराठीही इंग्रजीसारखीच घासूनपुसून लख्ख केलेली होती. ती मूळची वऱ्हाडातल्या बोरटेकची. अठराव्या वर्षी पुण्याच्या कॉलेजात आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात वर्गात म्हणाली, "मी तिथंच उभी राहून राह्यली होती," आणि अख्खा वर्ग हसला. वर्षभर 'राहून राह्यली' हेच तिचं नाव होतं. मग तिने रेडिओवरच्या बातम्या ऐकून, आरशासमोर मोठ्याने वाचून आपली भाषा बदलली. आईचा फोन आला की ती गच्चीवर जाई, म्हणजे खोलीतल्या मुलींना ऐकू जायला नको. पुढे पुढे ती आईशीही प्रमाण मराठीच बोलू लागली. तिची आईसुद्धा मग तिच्याशी बोलताना शब्द जपून, थांबून थांबून वापरू लागली, आणि हर्षालीच्या ते लक्षात येऊनही तिने काही केलं नाही.

दिल्लीत तिने गाव पुणं सांगितलं होतं. कुणी खोदून विचारत नव्हतं.

*

२०३४च्या निवडणुकीत वऱ्हाडातल्या खारपाणपट्ट्यातून बेबीताई डाबेराव निवडून आल्या. खारपाणपट्टा म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणीच खारट, असा मैलोन्‌मैल पसरलेला भाग. बेबीताई तिथे पंचवीस वर्षं आशा सेविका होत्या. दारोदार जाऊन गरोदर बायांची नोंद घ्यायची, लहान मुलांना डोस पाजायचे, आजाऱ्याला दवाखान्यात पोचवायचं, हे त्यांचं काम. हिंडून हिंडून गावंच्या गावं त्यांना नावानिशी ठाऊक झाली होती, आणि त्याच ओळखीवर त्या निवडून आल्या. पहिल्याच दिवशी त्या सभागृहात उभ्या राहिल्या आणि ठेचाभाकरीइतक्या सरळ वऱ्हाडीत बोलल्या.

काचेच्या खोलीत वझेंनी तोंडावर हात धरला. "काय वं माय!" ते माईक बंद करून हसत म्हणाले. "हे कसं करणार तू, हर्षाली? तुला कळतं का हे?"

"अंदाज येतो," हर्षाली म्हणाली. आणि तीही हसली.

त्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये बेबीताई तिच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. हातात चहा, खांद्यावर कापडी पिशवी. "तूच का वं त्या काचेतली पोर? लोक सांगतेत, तुह्या आवाजात मी लय शहाणी वाटून राह्यली." त्या मोकळेपणाने हसल्या. मग तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून म्हणाल्या, "गावंडे? आमच्याइकडं लय गावंडे हायेत. कोन्या गावची तू?"

शेजारच्या टेबलावर वझे बसले होते.

"पुण्याची," हर्षाली म्हणाली.

"बरं, बरं," बेबीताई म्हणाल्या. "माह्यं बोलनं समजते ना पण तुले? नाई समजलं त इचारजो. लाजू नको."

*

त्याच सुमारास 'जागल्या' देशभर पोचला. पूर्वी गावात रात्री गस्त घालणाऱ्याला जागल्या म्हणत. हा जागल्या मात्र पुण्यातल्या एका संस्थेने बनवलेली संगणकप्रणाली होती, आणि तिचं काम खासदारांवर लक्ष ठेवणं. आपला खासदार किती दिवस हजर होता, त्याने किती प्रश्न विचारले, ही मोजदाद आधीही होत असे. पण हजेरी लावून डुलक्या काढणारा आणि जीव तोडून बोलणारा त्या मोजदादीत सारखेच दिसत. जागल्या बोलण्याचं वजन करायचा.

त्याची रीत अशी. खासदाराचं प्रत्येक वाक्य तो सुटं करी आणि त्यात चार गोष्टी शोधी: कुठे, कधी, किती, आणि कोणाकडून काय हवंय. ज्या वाक्यात या चारही सापडत ते जड, ज्यात एकही नाही ते पोकळ. मग तो प्रत्येक वाक्याला अर्थाच्या एका अफाट नकाशावर जागा देई. शब्द वेगळे असले तरी अर्थ जवळचा असेल, तर वाक्यं त्या नकाशावर शेजारी पडत. सरकारी आदेश, पत्रं, निविदा यांनाही त्याच नकाशावर जागा असे. त्यामुळे खासदार अमुक दिवशी बोलला आणि त्या बोलण्याच्या शेजारी पुढच्या वर्षभरात एखादा सरकारी कागद हलला की नाही, हे जागल्याला दिसे. या सगळ्याचा शेवटी एकच आकडा निघे, शून्य ते दहा. मतदार मोबाइलवर खासदाराचं नाव टाकून तो पाहू शकत.

त्यात एक उणीव होती. बोलीभाषा त्याला नीट ऐकू येत नसत. त्याचे कान वर्तमानपत्री मराठीवर तयार झालेले होते. म्हणून जिथे मूळ आवाज कळत नसे तिथे तो अधिकृत भाषांतर प्रमाण धरी.

वझे बेबीताईंची भाषणं नेहमी हर्षालीवर सोपवत; म्हणून त्यांच्या बाबतीत तो पाचही वर्षं हर्षालीचंच ऐकत होता.

*

त्या वर्षीच्या डिसेंबरात बेबीताईंना शून्य प्रहरात तीन मिनिटं मिळाली. काचेच्या खोलीत हर्षालीची पाळी होती. वझे शेजारी बसून कानाला यंत्र लावून ऐकत होते; त्यांना आता बेबीताईंचं बोलणं ही करमणूक झाली होती.

"अध्यक्ष मायबाप," बेबीताईंनी सुरुवात केली, "आमच्या इकडचं पानी खारं. सरकारनं पानी गोड करायच्या मशिनी देल्या, लय उपकार झाले. लाखनखेडले अखाडीच्या दिशी मशीन सुरू झाली. पोळ्याले बाया पुरन कराले बसल्या त डाळ शिजेच ना. चार घंटे चुलीवर, तरी दाना टनक. कोळदऱ्याले जिवतीले सुरू झाली. भुलाबाई बसली त्या दिशी खिरापतीची डाळ तशीच राह्यली. बोरटेकले भुलाबाई बसली तई नारळ फोडला, आन लक्ष्मीपूजनाले पाव्हन्यायसाठी च्या ठेवला त सारा फाटला. मशीन बंद नाई, मायबाप. मशीन चालूच हाये. लाइट लागते, आवाज येते, पानी येते. हळूहळू खारं होत जाते, जिभेले समजत नाई. लोकं गोड समजून पिऊन राह्यले. त्या मशिनीत कोन्ती जाळी बसवली थे आमाले दाखवा. आन थे जाळी कोनं पास केली, त्याचं नाव सांगा."

हर्षालीला यातला शब्दन्‌शब्द कळला. अखाडी म्हणजे आषाढी पौर्णिमा, जिवती म्हणजे आषाढातली अमावास्या, हे तिला कॅलेंडर न पाहता ठाऊक होतं. भुलाबाईची गाणी तिने शेजारच्या ओट्यांवर म्हटली होती. आणि मग बोरटेक हे नाव कानावर पडलं. आपलं गाव, आपली डाळ, आपला फाटलेला चहा, आणि तेही या सभागृहात, वझे शेजारी खांदे हलवत हसत असताना. पुरणाची डाळ इंग्रजीत कशी सांगायची? पाचशे लोक ऐकतायत. हसतील.

तिने माईकवर सांगितलं ते एवढं: अध्यक्ष महोदय, माझ्या भागात पिण्याच्या पाण्याची समस्या गंभीर आहे. महिलांना फार त्रास होतो. बसवलेली यंत्रं समाधानकारक काम करत नाहीत. सरकारने याकडे लक्ष द्यावं.

बाकीचा वेळ ती गप्प होती. दुभाषी वाक्य पुरं होण्याची वाट पाहत असेल, असं ऐकणाऱ्यांना वाटलं.

संध्याकाळी जागल्याने नोंद केली. विषय, पाणी. ठिकाण नाही. काळ नाही. संख्या नाही. मागणी मोघम. वजन दहापैकी शून्य पूर्णांक चार.

त्यानंतर ती सवयच झाली. बेबीताई पाच वर्षांत एकेचाळीस वेळा बोलल्या आणि हर्षालीने एकेचाळीस वेळा त्यांना सभ्य केलं. त्या शेवगा म्हणाल्या तिथे तिने झाड म्हटलं, त्यांनी माणसांची नावं घेतली तिथे तिने काही नागरिक म्हटलं. आपण हिला वाचवतोय, हसू होऊ देत नाही, असं ती स्वतःला सांगे. २०३९ साली निवडणूक लागली तेव्हा जागल्याच्या यादीत बेबीताई खालून सहाव्या होत्या. विरोधी उमेदवाराने त्यांच्या फोटोखाली तो आकडा छापून चौकाचौकात फलक लावले. साडेतीन हजार मतांनी त्या पडल्या.

निकालाच्या दिवशी हर्षालीने बातमी वाचली आणि ती कामाला लागली.

*

दोन वर्षांनी तिला एक मेल आला. जागल्याची नवी आवृत्ती येतेय, त्यासंबंधी भेटायचंय. भेटायला आले ते डॉ. तन्वीर मुल्ला, मूळचे सांगलीचे, चाळिशीचे, बोलण्यात मृदू. संसदेच्या आवाराबाहेरच्या एका उपाहारगृहात त्यांनी टेबलावर टॅबलेट ठेवला.

"आता आमच्या जागल्याला बोली ऐकू येतात, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या स्वरात लपवलेला आनंद होता. "बाजार, बसस्टँड, बचत गटांच्या बैठका, सगळीकडनं लोकांनी आपले आवाज दिले. अकरा हजार तास. शब्द ओळखणं तसं सोपं निघालं. अवघड होतं ते काळ ओळखणं. खेड्यातला माणूस तारीख सांगत नाही, सण सांगतो. म्हणून आम्ही पंचांगच जोडून दिलं. पोळ्याला म्हटलं की त्या वर्षीची तारीख निघते. मग आम्ही जुनी सगळी भाषणं मूळ आवाजात परत ऐकवली त्याला."

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. त्यावर दुभाष्यांची यादी होती. मूळ बोलणं आणि भाषांतर यांत किती अर्थ गळला, याचे टक्के होते. हर्षाली गावंडेच्या नावापुढे सरासरी चार टक्के होती. देशात तिच्याइतकी कमी दोघातिघांचीच. फक्त एका खासदारापुढे लाल अक्षरांत आकडा होता. एकसष्ट.

"हे बघा," मुल्ला म्हणाले आणि त्यांनी डिसेंबरातलं ते भाषण लावलं.

बेबीताईंचा आवाज टेबलावर उमटला. हर्षालीने कपाची कड घट्ट धरली.

"आधी मला वाटलं, ही बाई स्वयंपाकघरातलं काय सांगत बसलीय," मुल्ला म्हणाले. "आमच्यातल्या एका रसायनशास्त्रवालीनं डोळे उघडले माझे. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार असले की ते डाळीच्या सालीखालच्या पेशी एकमेकींना जखडून ठेवतात, डाळ शिजत नाही. खारट पाण्यात दूध फाटतं. म्हणजे ही प्रयोगशाळाच आहे, मॅडम. चुलीवरची. तिनं प्रत्येक मशीनची सुरू झाल्याची आणि निकामी झाल्याची तारीख दिलीय, पुराव्यासकट. लाखनखेड, एकतीस जुलै ते तेरा सप्टेंबर. चव्वेचाळीस दिवस. साधी जाळी इतकं खारं पाणी फार तर सहा आठवडे गाळू शकते. गोड्या पाण्याची जाळी होती ती, खाऱ्या पाण्याच्या मशीनला लावलेली. बाकी दोन गावांचं एवढं लागत नाही, कारण हे बघा, इथं कुणी भुलाबाई म्हणून बाई येतात. त्या कुठं बसल्या, का बसल्या, जागल्याला सापडत नाही. उपोषणाला वगैरे बसल्या असतील."

"भुलाबाई बाई नाही," हर्षालीच्या तोंडून निघून गेलं. "भाद्रपद पौर्णिमेला मुली तिची मूर्ती बसवतात. महिनाभर रोज संध्याकाळी गाणी, खिरापत. कोजागिरीला उठते ती."

मुल्लांची बोटं भराभर चालली. पडद्यावर तारखा जुळल्या. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. त्यांनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत, मॅडम?"

आत्ता सांगता आलं असतं.

"वाचलंय कुठेतरी," हर्षाली म्हणाली.

"तरीच." मुल्लांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव आला. "तुम्ही पुण्याच्या, ही बोली तुम्हाला कळणार कशी? तुमच्यावर ठपका यावा असं आम्हाला अजिबात वाटत नाही. आम्ही टीप टाकतोय, 'दुभाषीला बोली अवगत नसल्याने तपशील सुटला.' हरकत नाही ना?"

"नाही."

तिने टॅबलेटवर त्या टिपेखाली, आपला जबाब म्हणून, अंगठा टेकवला. उठताना, काहीतरी विचारायलाच हवं म्हणून तिने विचारलं, "त्या जाळ्या मग बदलल्या का कुणी?"

"कोण बदलणार? तक्रारच नोंदली गेली नाही. त्यानंतर तीच जाळी आणखी एकशे बारा गावांत बसवली."

"किती लोकांना त्या पाण्याने... म्हणजे किडनीचे..."

"ते आम्ही मोजत नाही, मॅडम," मुल्ला हळू आवाजात म्हणाले. "आम्ही खासदार मोजतो."

*

शनिवारी दुपारी ती लाखनखेडला पोचली. बेबीताईंचं घर शोधावं लागलं नाही. दारात पांढरी व्हॅन उभी होती आणि तीत पाचसहा माणसं बसत होती, सुजलेल्या चेहऱ्यांची, हळू हळू पाऊल उचलणारी. आठवड्यातून तीनदा बेबीताई त्यांना डायलिसिसला शहरात नेत.

"अवं! काचेतली पोर!" त्यांनी तिला लगेच ओळखलं आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरले. "इतक्या दूर आली? बस, बस. व्हॅन निघाले अजून अर्धा घंटा हाये." त्यांनी ओट्यावर खुर्ची मांडली, पाणी दिलं. "बाहेरचं पानी हाये, बिनधास्त पे."

हर्षालीने वाटेत सगळं ठरवून ठेवलं होतं. पण बेबीताईच आधी बोलू लागल्या.

"मले तुह्यं लय वाईट वाटे, पोरी. पाच वर्सं तुले माह्यं बोलनं निस्तरा लागलं. मले नीट बोलता येत नाई ना." त्या हे तक्रारीच्या सुरात म्हणत नव्हत्या; गुडघा दुखतो असं सांगावं तसं सांगत होत्या. "मले वाटे मी सारं सांगून राह्यली. पन त्या जागल्यानं लेहलं का बाईच्या बोलन्यात काई नाई. मशीन कशाले खोटं बोलन? आता मी सभेत बोलतच नाई. भाचा बोलते माह्या वतीनं. त्याले शुद्ध येते."



"ताई, तुमच्या बोलण्यात सगळं होतं," ती म्हणाली. मग तिचे शब्द अडले. सतरा वर्षं तोंडात न आलेली भाषा जिभेवर परक्यासारखी आली. "थे मले... मले सगळं समजलं होतं, ताई. मी बोरटेकची हाये."

"बोरटेकची? कोनाची?"

"वासुदेव गावंड्याची."

बेबीताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, जणू चेहऱ्यातून वासुदेव शोधत असाव्यात. "वासुदेवभाऊची धाकटी. तुले त पोलिओचा डोस पाजला असन मी." मग त्यांनी विचारलं, "मंग तू काय सांगतलं त्याइले? मी पोळ्याचं, अखाडीचं सांगतलं, डाळीचं सांगतलं, थे तू इंग्रजीत काय म्हटलं? जसंच्या तसं सांग."

हर्षालीने सांगितलं. पाण्याची समस्या गंभीर आहे. महिलांना त्रास होतो. यंत्रं समाधानकारक नाहीत. लक्ष द्यावं.

बेबीताई वाट पाहत होत्या. "आन?"

"एवढंच."

"मी तीन मिनटं बोलली, पोरी."

"एवढंच, ताई."

"आन बाकीच्या टाइमात?"

"गप्प होती मी."

"काहून?"

हर्षालीकडे उत्तर होतं. तेच सांगायला ती आली होती. "लाज वाटली," ती म्हणाली. "वझे साहेब हसत होते. लोक हसतीन असं वाटलं."

बेबीताई रागावतील, रडतील, निदान हाकलतील तरी, असं तिला वाटलं होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही. व्हॅनमधून कुणीतरी हाक मारली, तशा उठल्या आणि पदर खोचला.

"त्या गाडीत तुह्या गावचे दोघं हायेत," त्या म्हणाल्या. "माह्याजवळ माफी मांगू नको. मी काय करू तिचं? जिथं बोलाले पाह्यजे होतं तिथं लेहून दे."

व्हॅन गेली. हर्षालीने ओट्यावरच मोबाइल काढला आणि मुल्लांना, सभागृहाच्या सचिवालयाला आणि चौकशीचा अधिकार असणाऱ्या समितीला एकच मजकूर पाठवला. मला वऱ्हाडी येते. ती माझी मातृभाषा आहे. त्या दिवशी मला सर्व शब्द समजले होते आणि मी ते जाणूनबुजून सांगितले नाहीत. काल-परवा मी दिलेला जबाब खोटा आहे.

पाठवल्यावर मन हलकं होईल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

*

पुढचं सगळं भराभर झालं. जागल्याच्या संस्थेने टीप मागे घेऊन तिचा मजकूर जसाच्या तसा प्रसिद्ध केला. तिला काचेच्या खोलीतून काढण्यात आलं. वझे फोन करून म्हणाले, "अगं, सांगायचंस तरी मला." बेबीताईंच्या त्या भाषणाचा आकडा शून्य पूर्णांक चारवरून आठ पूर्णांक एकवर गेला; आता त्या खासदार नव्हत्या, त्यामुळे तो बदललेला फार थोड्यांनी पाहिला. जाळ्यांच्या खरेदीची चौकशी सुरू झाली आणि चार महिन्यांनी समिती जबाब घ्यायला जिल्ह्याच्या ठिकाणी आली.

तिथल्या सभागृहात शंभरेक लोक होते. हर्षालीचा जबाब पहिला झाला. समितीच्या अध्यक्षांनी भाषा विचारल्यावर ती वऱ्हाडीत बोलली. अडखळत, मध्येच प्रमाण शब्द येऊन, पुन्हा मागे वळून. पहिल्या रांगेतले एकदोघे पत्रकार हसले. ते तिला दिसलं. ती बोलत राहिली. मग ती कडेच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि बेबीताईंचं नाव पुकारलं गेलं.

बेबीताई इस्त्रीची साडी नेसून आल्या होत्या. माईकपुढे उभ्या राहून त्यांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला आणि चष्मा लावला.

"माननीय अध्यक्ष महोदय," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "मौजे लाखनखेड येथील जल... जलशुद्धीकरण संयंत्र दिनांक एकतीस जुलै रोजी कार्यान्वित झाले. तत्... तत्पश्चात दिनांक तेरा सप्टेंबर रोजी पाण्यातील क्षारयुक्त... क्षारांचे प्रमाण..."

त्या प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबत होत्या. बोटाने ओळ धरून, शाळेतल्या मुलीसारख्या. हॉलमध्ये लोक चुळबुळ करू लागले.

"ताई," अध्यक्ष समजुतीने म्हणाले, "कागद राहू द्या. तुमच्या भाषेत सांगा ना. आम्हाला तेच ऐकायचं आहे."

"नाही साहेब," बेबीताई म्हणाल्या. "हेच बरं हाये. भाच्याकडून लेहून आनलं. यात काही चुकायचं नाही."

त्यांनी पुढे वाचलं, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत. वाचून झाल्यावर कागदाची नीट घडी घातली, चष्मा काढला, आणि कडेला बसलेल्या हर्षालीकडे वळून, माईक चालू आहे हे लक्षात न येता, हळूच विचारलं,

"बरोबर वाचलं ना मी, मॅडम?"